परळला न्यावं लागेल

पहाटे साडेपाचच्या सुमारास बोरिवली स्टेशनवर कामाला निघालेला माणूस आणि दवाखान्याला निघालेला माणूस लगेच वेगळे ओळखू येतात. कामाला निघालेल्याच्या हातात डबा असतो. दवाखान्याला निघालेल्याच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट असतं आणि गर्दीत ते दुमडू नये म्हणून त्याने ते छातीशी धरलेलं असतं. ही माणसं सहसा एकटी नसतात. एक आजारी, एक सोबतीला.

मागच्या पावसाळ्यात अशाच एका जोडप्याबरोबर मी परळपर्यंत गेले. नवरा साठीला टेकलेला, पूर्वी दहिसरला एका कारखान्यात कामाला. उजव्या पायाची दोन बोटं काढलेली, त्यावर भलंमोठं बँडेज, आणि ते मावावं म्हणून पट्टा कापून सैल केलेली चप्पल. बायको बोरिवली पश्चिमेला चार घरी पोळ्या करते. बसायला जागा मिळाली तसा तिने त्याचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि वर ओढणी टाकली. समोरच्या माणसाची बॅग लागू नये म्हणून.

"सुरुवातीला नुसता फोड होता ताई. चपलेचा."

"शुगर होती का?"

"असेल. कोणी बघितली?"

गल्लीतल्या डॉक्टरकडे इंजेक्शन झालं, मलम झालं. तीन आठवडे गेले. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं तेव्हा स्टेशनजवळच्या एका नर्सिंग होममध्ये दाखवलं. तिथे खर्चाचा आकडा ऐकून दोघंही गप्प बसले. त्यांचे चेहरे बघून तिथल्याच डॉक्टरने सांगितलं, "परळला न्यावं लागेल."

उपनगरात वाढलेल्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. मी मुलुंडला वाढले. आमच्या चाळीत कोणाला परळला नेलं की बायका आवाज उतरवून बोलायच्या. परळ म्हणजे केईएम, परळ म्हणजे टाटा, परळ म्हणजे लेकरांचं वाडिया. दुखणं हाताबाहेर गेलं याची ती खूण होती. तिथे गेल्यावर कोणी परत पाठवणार नाही, हा विश्वासही त्यातच होता.

हा विश्वास फुकाचा नाही. केईएम १९२६ साली सुरू झालं. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देताना अट घातली होती, की शिकवणारे डॉक्टर भारतीयच असतील आणि ते सरकारी नोकरीतले नसतील. गोऱ्यांच्या वैद्यकीय सेवेत हिंदी डॉक्टरला वरची जागा मिळणं दुरापास्त होतं, त्या काळातली ही गोष्ट. नायरचं वैद्यकीय महाविद्यालय १९२१ सालचं. सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय १९४७ सालचं. एका शहराच्या नगरपालिकेने स्वतःच्या तिजोरीतून एवढी मोठी रुग्णालयं आणि त्यांना जोडून वैद्यकीय महाविद्यालयं चालवावीत, हे देशात फार थोड्या ठिकाणी घडलं. रुग्णालयं आणि दवाखाने चालवणं हे १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात पालिकेचं बंधनकारक कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. सर्वांसाठी आरोग्यसेवा हा शब्दप्रयोग जगात रूढ होण्याच्या कितीतरी आधी मुंबईने त्याचं एक दार उघडून ठेवलं होतं. बिहारमधून आलेला, बांगड्यांच्या कारखान्यात काम करणारा मुलगा असो की विदर्भातून जमीन विकून आलेला शेतकरी, केसपेपर काढला की तो पेशंट होतो. तू कुठला, हे त्याला कोणी विचारत नाही. याचा मला मुंबईकर म्हणून अभिमान वाटतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

पण हे दार शहराच्या दक्षिण भागात उघडलं आणि शहर उत्तरेला वाढत गेलं. १९५० मध्ये मुंबईची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. गिरण्या बंद पडल्या, चाळी रिकाम्या झाल्या, माणसं बोरिवली, नालासोपारा, मुलुंड, डोंबिवली गाठत राहिली. २०११ च्या जनगणनेत शहर जिल्ह्यात ३० लाख ८५ हजार माणसं होती आणि उपनगर जिल्ह्यात ९३ लाख ५७ हजार. म्हणजे चारातले तीन मुंबईकर उपनगरात. पालिकेची तिन्ही जुनी वैद्यकीय महाविद्यालयं मात्र माहीम-सायनपर्यंतच्या जुन्या शहरातच. विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयाला जोडून महाविद्यालय आलं ते थेट २०१५ मध्ये.

त्या दिवशी आम्ही प्रभादेवीला उतरलो. तिथून पूल ओलांडून परळ. ज्यांच्या पायाला धड चप्पल घालता येत नाही, त्यांच्यासाठी या जिन्याला किती पायऱ्या आहेत हे मी पहिल्यांदाच मोजलं आणि मध्येच मोजणं सोडलं, कारण तो प्रत्येक चार पायऱ्यांनंतर थांबत होता. रुग्णालयात रांग होती, ती अपेक्षितच होती. ड्रेसिंग करणारा निवासी डॉक्टर पंचविशीचा असेल. डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल. पण हात हलका होता. त्याने जुनी पट्टी सलाइनने भिजवून हळूहळू सोडवली, जखमेच्या कडा निरखल्या, मान डोलावली आणि म्हणाला, "चांगलं भरतंय. पण काका, ड्रेसिंगसाठी दर तिसऱ्या दिवशी एवढ्या लांब कशाला येता? घराजवळ करून घ्या."

बायकोने विचारलं, "जवळ म्हणजे कुठे?"

तो क्षणभर थांबला. त्याला खरंच माहीत नव्हतं. तो लातूरकडचा होता, बोरिवली त्याने फक्त गाडीच्या पाटीवर वाचलेली असणार.

परतीच्या गाडीत तिने हिशेब सांगितला. तो आकड्यांचा नव्हता. "औषधाला पैसे लागत नाहीत ताई. खाडा पडतो." आठवड्याला दोन खाडे. चारांपैकी एका घराने पगार कापला, एका घराने दुसरी बाई ठेवली. मुलगा सोबत आला तर त्याचा खाडा. फुकट उपचारांची किंमत अशी दुसऱ्याच वहीत लिहिली जाते आणि ती वही कुठल्याही आरोग्य खात्याकडे नसते.

या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे फार आधी लिहून ठेवलेलं आहे, आणि ज्याने लिहिलं तो आपल्याच मातीतला. सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १९४३ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य पाहणी समिती नेमली गेली आणि १९४६ मध्ये तिचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून एकही माणूस उपचाराविना राहू नये, हे त्या अहवालाचं सूत्र. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली ती त्यानंतर दोन वर्षांनी, जुलै १९४८ मध्ये. भोर समितीने सुरुवात पायथ्याकडून केली होती. आधी घराजवळचं प्राथमिक केंद्र, त्याच्यावर मधलं रुग्णालय, त्याच्यावर जिल्ह्याचं मोठं. पेशंट पायरी पायरीने वर जाईल आणि बरा होत आला की पायरी पायरीने खाली, घराजवळ येईल.

पुढे खेड्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहिली. कमी-जास्त चालली, पण उभी राहिली. शहरांना मात्र मोठी हॉस्पिटलं आहेतच, असं गृहीत धरलं गेलं. शहरी गरिबांसाठी राष्ट्रीय पातळीवरचं अभियान यायला २०१३ उजाडलं. त्या अभियानाचा साधा नियम आहे: दर ५० हजार वस्तीमागे एक शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र. २०११ चीच लोकसंख्या धरली तरी एकट्या उपनगर जिल्ह्याला १८७ केंद्रं लागतात. पायाला फोड आलेल्याची शुगर तपासणं हे त्या केंद्राचं काम. ते ज्या दिवशी झालं नाही, त्या दिवशीच बोरिवली ते परळ हा प्रवास ठरून गेला.

आणि मधली पायरी? तिची गोष्ट सांगताना मला राग येतो.

बोरिवलीकरांचं हक्काचं रुग्णालय म्हणजे भगवती. त्याची पुनर्बांधणी दशकाहून अधिक काळ रेंगाळली. त्या काळात बोरिवली-दहिसरचा भार कांदिवलीच्या शताब्दी रुग्णालयावर पडला आणि तिथे जागा नसली की परळ होतंच. मुलुंडच्या अगरवाल रुग्णालयाचीही पुनर्बांधणी अशीच लांबली. आमच्या लहानपणी डोकं फुटलं, कुत्रा चावला की तिथे पळायचो. बांधकाम लांबतं तेव्हा वर्तमानपत्रात खर्च किती कोटींनी वाढला ते छापून येतं. त्या वर्षांत किती बाळंतिणी रिक्षातून कुठे कुठे फिरल्या ते छापून येत नाही. आता इमारती उभ्या राहिल्या तर त्या खासगी संस्थांच्या भागीदारीत चालवाव्यात, असे प्रस्ताव पुढे आले आणि भगवतीसाठी, अगरवालसाठी नागरिकांना विरोधात उभं राहावं लागलं.

भागीदारीला विरोध म्हणजे भाबडेपणा, असं मला अनेक जाणत्यांनी सांगितलं. त्यांना मी अंधेरीला मरोळच्या सेव्हन हिल्सची आठवण करून देते. जमीन पालिकेची, रुग्णालय खासगी कंपनीचं, आणि बदल्यात २० टक्के खाटा पालिकेच्या रुग्णांसाठी. त्या खाटांवरून वर्षानुवर्षं वाद चालला. कंपनी कर्जात बुडाली आणि २०१८ मध्ये रुग्णालय जवळपास बंद पडलं. त्याच वर्षी १७ डिसेंबरला, तिथून जवळच असलेल्या कामगार राज्य विमा योजनेच्या रुग्णालयाला आग लागली. माणसं दगावली आणि ते रुग्णालयही बंद झालं. म्हणजे एमआयडीसी, साकीनाका, मरोळचे कामगार ज्या पट्ट्यात राहतात तिथे दोन मोठ्या इमारती उभ्या होत्या आणि दोन्हींत उपचार नव्हते. मग करोना आला. २०२० मध्ये पालिकेने सेव्हन हिल्स ताब्यात घेतलं, आपले डॉक्टर-परिचारिका तिथे उभे केले, आणि तीच बंद इमारत शहराच्या मोठ्या कोविड रुग्णालयांपैकी एक झाली. खाटा होत्या, भिंती होत्या. कमी होती ती फक्त पालिकेने हे माझं काम आहे असं म्हणण्याची.

संकटात हे शहर कोणाकडे धावतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. १३ मे २०२४ ला वादळात घाटकोपरच्या छेडानगरमध्ये पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळलं, १७ माणसं गेली. जखमींना घेऊन गाड्या वळल्या त्या पालिकेच्या राजावाडी रुग्णालयाकडे. त्याच्या दोनच आठवडे आधी, राजावाडीपासून चार स्टेशनांवर, भांडुपच्या पालिका प्रसूतिगृहात एक तरुण बाळंतीण आणि तिचं बाळ दगावलं. वीज गेली होती आणि मोबाइलच्या उजेडात शस्त्रक्रिया झाली, असा तिच्या घरच्यांचा आरोप होता. दोन आठवड्यांच्या अंतराने त्याच मध्य रेल्वेवर सार्वजनिक रुग्णालयाचं मोल आणि सार्वजनिक रुग्णालयाची दैना, दोन्ही दिसली. एका बाजूचंच सांगून दुसरी झाकली तर हा लेख खोटा ठरेल.

माझ्या घरचंही सांगते. चार वर्षांपूर्वी आईच्या मणक्यासाठी एमआरआय सांगितला. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या सिस्टरने आईचे केस विंचरून वेणी घातलेली मला आठवते. तारीख मिळाली चार महिन्यांनंतरची. चिठ्ठीवरची पाचातली तीन औषधं 'बाहेरून आणा'. मी पगारदार. बाहेरून एमआरआय केला, बाहेरून औषधं आणली. रांगेत आमच्या मागे उभी असलेली बाई ती चार महिन्यांची तारीख घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवून निघून गेली. पालिकेने २०२३ च्या अखेरीस झीरो प्रिस्क्रिप्शनचं धोरण जाहीर केलं. बाहेरची चिठ्ठी द्यायचीच नाही, असं ते धोरण. कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या फाटकाबाहेर उभं राहावं आणि औषधाच्या दुकानांसमोरची गर्दी बघावी. धोरण आत पोचलं की नाही ते बाहेरच कळतं.

"पण आता कार्ड आहे ना," असं लोक म्हणतात. कार्ड आहे. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मुंबईचे दोन्ही जिल्हे होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाली. लोक अजून तिला जीवनदायीच म्हणतात. सुरुवातीला कुटुंबामागे दीड लाखाचं कवच होतं आणि ते पिवळ्या-केशरी रेशनकार्डांसाठी होतं. २०२३ मध्ये ते पाच लाखांचं आणि राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी करायचं ठरलं. ही लहान गोष्ट नाही. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार, डायलिसिस यांसाठी घर विकणारी माणसं मी पाहिली आहेत आणि याच योजनेमुळे घर वाचलेलीही पाहिली आहेत. पण कार्ड लागू होतं ते माणूस रुग्णालयात दाखल झाल्यावर, यादीतल्या आजारांसाठी. फोडाला कार्ड चालत नाही. बोट काळं पडल्यावर चालतं.

थायलंडने २००१-०२ मध्ये ३० बातमध्ये उपचारांची योजना आणली, तिचं जगभर कौतुक झालं. तिच्या आधी काही दशकं त्या देशाने तालुक्या-तालुक्यात रुग्णालयं बांधली होती, नव्या डॉक्टरांना तिथे पाठवलं होतं. दवाखाना आधी, कार्ड नंतर. आपण क्रम उलटा लावला. देशाच्या आरोग्यखर्चातला रुग्णांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१-२२ पर्यंत ३९ टक्क्यांवर आला, ही समाधानाची गोष्ट. पण सरकारी खर्च त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्याही खालीच होता आणि २०१७ च्या धोरणात ठरवलेलं लक्ष्य अडीच टक्क्यांचं. आणि मुंबई? २०२५-२६ चा पालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा. त्यातला जेमतेम दहावा भाग आरोग्याला. ज्या शहराकडे एवढा पैसा आहे, त्याला गरिबीची सबब सांगता येत नाही.

शिवाय आपल्याकडे दारं चार आहेत. पालिकेचं, राज्याचं, कामगार विम्याचं आणि रेल्वेचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. मुंबईत टीव्हीवर ती बातमी बघून कितीतरी जण पालिकेच्या खिडकीवर वाद घालायला आले. त्यांची काय चूक? कोणतं रुग्णालय कोणाचं हे आजारी माणसाने का लक्षात ठेवायचं?

आता चांगलं सांगते, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

नोव्हेंबर २०२२ पासून पालिकेने 'आपला दवाखाना' सुरू केला. कुठे जुन्या दवाखान्यात दुसरी पाळी, कुठे पत्र्याची केबिन. १४७ चाचण्या मोफत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यातले बरेच रात्री दहापर्यंत उघडे. ज्याने कोणी ही वेळ ठरवली त्याला पोळ्या करणाऱ्या बाईचा आणि रिक्षावाल्याचा दिवस ठाऊक असला पाहिजे. संध्याकाळी खाडा पडत नाही. हे सगळे दवाखाने सारखे चालत नाहीत, डॉक्टर टिकत नाहीत, बरेच जण कंत्राटी आहेत. तरीही या शहरात गेल्या कित्येक वर्षांत झालेलं योग्य दिशेचं पाऊल मला हेच वाटतं.

आणि त्या दवाखान्यापर्यंत माणूस आणते ती आरोग्य स्वयंसेविका. घाटकोपर पश्चिमेच्या असल्फ्याच्या डोंगरावर मी एकीबरोबर एक दुपार फिरले. वस्तीत सगळे तिला 'बीएमसीवाली ताई' म्हणतात. खांद्याला पिशवी, पिशवीत रजिस्टर, रजिस्टरला प्लास्टिकचं कव्हर, कारण डोंगरावर पाणी वरून येतं आणि खालूनही. पायऱ्या एवढ्या अरुंद की समोरून कोणी हंडा घेऊन आलं तर एकाने दारात शिरायचं. ती शिरायची आणि शिरल्या शिरल्या विचारायची, "आजी, गोळी घेतली का? पत्ता दाखवा बघू." आजी गोळ्यांचा पत्ता काढून दाखवायच्या. ताई रिकाम्या खोबण्या बोटाने मोजायची. "तीन दिवस घेतली नाही तुम्ही." "बरं वाटत होतं म्हणून..." "बरं वाटतंय ते गोळीनेच!"

एका घरात मुलगा दोन आठवडे खोकत होता. ताईने बेडक्याची डबी दिली आणि सकाळी उठल्या उठल्या, काही खायच्या आधी बेडका कसा घ्यायचा ते समजावलं. मुंबईत औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाची भीती काय आहे, हे या घरातल्या अंधारात उभं राहिलं की कळतं. खिडकी नाही, सहा माणसं, वर पोटमाळा. हा मुलगा आज सापडला तर एकट्यालाच औषध लागेल. सहा महिन्यांनी सापडला तर कदाचित सहाही जणांना.

अशा स्वयंसेविका शहरात चार हजारांच्या आसपास आहेत. त्यांचं पद 'स्वयंसेविका' आहे, पगाराला 'मानधन' म्हणतात. करोनात त्या ऑक्सिमीटर घेऊन याच पायऱ्या चढल्या. त्यांच्या संघटनेला किमान वेतनासाठी, हक्कांसाठी संप करावे लागले, कोर्टात जावं लागलं. सर्वांसाठी आरोग्य या इमारतीचा पाया ज्यांच्या पायांवर उभा आहे, त्यांना आपण अजून कर्मचारी म्हणायला तयार नाही. मला ही गोष्ट अतिशय लाजिरवाणी वाटते.

मी तिला विचारलं, दिवसाला किती घरं? ती म्हणाली, "घरं नका विचारू. पायऱ्या विचारा."

दिवाळीच्या आधी बोरिवलीच्या त्या बाईला फोन केला. परळच्या डॉक्टरला विचारलेला प्रश्न तिने सोडला नव्हता. शेजारणीच्या मुलीने शोधून दिलं, आणि घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर पालिकेचा दवाखाना निघाला. तिथल्या डॉक्टर बाईंनी परळचे कागद नीट वाचले, ड्रेसिंग आमच्याकडे करू म्हणाल्या, शुगरच्या गोळ्याही तिथूनच मिळतात. परळला आता महिन्यातून एकदाच दाखवायचं.

"आज आहे ना ड्रेसिंग?" मी विचारलं.

"आहे. संध्याकाळी गेलेत ते."

"तुम्ही नाही गेलात?"

"एकटेच गेलेत, चालत," ती म्हणाली. "माझ्या पोळ्या चालल्यात. हात पिठात आहेत ताई, तुम्ही नंतर फोन करा."